नवं हवं, पण दिसायला नको

१९७१ साली हार्ले-डेव्हिडसनने ‘सुपर ग्लाइड’ नावाची गाडी बाजारात आणली. ती आखली होती विली जी. डेव्हिडसन यांनी. ते कंपनीच्या एका संस्थापकाचे नातू आणि तिथलेच डिझायनर. अमेरिकेतले तरुण रायडर तेव्हा मोठ्या टूरिंग गाड्या विकत घेत, त्यांच्यावरची काच, सामानाच्या पेट्या, जाडजूड मडगार्ड काढून फेकत आणि पुढचा फोर्क बदलून गाडी सडपातळ करून घेत. विली यांनी हेच काम कारखान्यात करून दिलं: इंजिन आणि चौकट मोठ्या गाडीची, पुढचा भाग धाकट्या स्पोर्टस्टरचा. कल्पना नामी होती. पण गडी तेवढ्यावर थांबला नाही. सीटच्या मागे त्यांनी फायबरग्लासची, होडीच्या टोकासारखी निमुळती शेपटी बसवली. रायडरांनी गाडीला मान डोलावली आणि शेपटीला नाक मुरडलं. पुढच्याच वर्षी शेपटी गेली, साधं मडगार्ड आलं. उरलेल्या गाडीतून मात्र हार्लेचं एक अख्खं घराणं उभं राहिलं.

मोठ्या क्रूझर मोटरसायकलींचा इतिहास इंजिनांच्या मापांतून सांगता येतो, पण खरी गंमत आहे ती रायडरांच्या कुरकुरीत. नवी गाडी आली की जुना मालक तिच्याभोवती एक फेरी मारतो, इंजिन सुरू करायला लावतो, कान देतो आणि निकाल सुनावतो: “ही काही खरी नाही.” हा निकाल बहुतेक वेळा सीटवर बसण्याआधीच लागलेला असतो. बाहेरच्या माणसाला हा हट्टीपणा वाटेल, आणि थोडाफार तो आहेच. तरीही गेली पन्नास वर्षं क्रूझर कशी दिसावी, कशी वाजावी, किती थरथरावी हे इंजिनिअरांइतकंच या कुरकुरणाऱ्यांनीही ठरवलं आहे.

निकाल कानाने का लागतो, हे समजायला इंजिनात डोकवावं लागतं. हार्लेच्या मोठ्या इंजिनात दोन सिलिंडर इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखे, ४५ अंशांच्या कोनात बसवलेले असतात आणि दोन्ही कनेक्टिंग रॉड क्रँकच्या एकाच पिनेवर असतात. त्यामुळे दोन स्फोटांमधलं अंतर सारखं राहत नाही. क्रँक एकदा ३१५ अंश फिरल्यावर स्फोट होतो, पुढचा ४०५ अंशांनी. ठोका पडतो, लगेच दुसरा पडतो, मग क्षणभर श्वास रोखल्यासारखा थांबा. अमेरिकन रायडर या आवाजाची नक्कल ‘पोटॅटो-पोटॅटो’ अशी करतात. यांत्रिकदृष्ट्या ही रचना काही आदर्श नाही, ती हादरते. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हार्लेच्या गावी, मिल्वॉकीत, जागा आणि पैसा वाचवण्यासाठी जी सोय केली, तिलाच पुढच्या पिढ्यांनी आपली ओळख बनवलं. बाकी खुणा मागाहून आल्या. बुटकी सीट, पुढे पसरलेले पाय, रुंद हँडल, लांबलचक बांधा. अशा गाडीला वळणावर पळवायचं नसतं, सरळ रस्त्यावर रेलून बसून मैल कापायचे असतात.

१९६९ साली होंडाने सीबी ७५० आणली आणि या साऱ्या सवयींना धक्का बसला. चार सिलिंडर, पुढे डिस्क ब्रेक, बटण दाबलं की सुरू होणारी आणि तेल न गाळणारी गाडी. त्याच वर्षी हार्ले कंपनी एएमएफ या बड्या उद्योगसमूहाच्या ताब्यात गेली. उत्पादन वाढलं, संप झाले, दर्जा घसरला. हार्ले जिथे उभी राहील तिथे आपली खूण ठेवते, हा तेलगळतीवरचा विनोद त्या काळात मालक स्वतःच सांगत. इथली तक्रार रूपाची नव्हती. रूप, आवाज, नाव सगळं जिथल्या तिथे होतं, फक्त गाडी घरी पोचेल की नाही याची खात्री नव्हती. निष्ठेच्या गप्पा मारणाऱ्या किती जणांनी या वर्षांत गुपचूप जपानी गाडी घेतली, ते बाजाराने दाखवून दिलं. १९८१ साली कंपनीतल्याच तेरा अधिकाऱ्यांनी सुमारे आठ कोटी डॉलरना ती परत विकत घेतली. विली जी. त्या तेरा जणांत होते.

नव्या मालकांपुढचा पेच असा होता, की गाडी आतून पूर्ण बदलायची आणि बाहेरून बदलल्याचं कळू द्यायचं नाही. १९८४ च्या मॉडेलांसोबत आलेलं ‘इव्होल्यूशन’ इंजिन हे त्याचं पहिलं उत्तर. १३४० सीसी, सिलिंडर आणि हेड दोन्ही अॅल्युमिनियमचे, कमी तापणारं, तेल आत ठेवणारं. कोन मात्र ४५ अंशच आणि पिनही एकच.

दुसरं उत्तर जास्त चलाख होतं. ‘ईझी रायडर’ सिनेमातल्या, अमेरिकी झेंड्याच्या रंगांत रंगवलेल्या चॉपर मोटरसायकलला मागचे शॉक अॅब्सॉर्बर नव्हतेच. मागचं चाक थेट चौकटीला जोडलेलं, त्यामुळे सीटपासून चाकापर्यंत एक सरळ उतरती रेघ. १९५० च्या दशकापर्यंतच्या मोठ्या हार्ले अशाच असत. १९५८ साली मागे स्प्रिंग आले, पाठ वाचली, पण ती रेघ मोडली. पुढे शौकीन लोक चांगली गाडी घेऊन तिचे स्प्रिंग काढून टाकू लागले आणि देखणेपणासाठी मणक्याचा बळी देऊ लागले. सेंट लुईसचे एक इंजिनिअर, बिल डेव्हिस, यांनी यावर तोड काढली. मागची चौकट त्रिकोणी ठेवायची, ती बिजागरीवर हलू द्यायची आणि स्प्रिंग दिसणारच नाहीत अशा जागी लपवायचे. हार्लेने हक्क विकत घेतले, स्प्रिंग गिअरबॉक्सच्या खाली आडवे घातले आणि ‘सॉफ्टेल’ बाजारात आली. दिसायला १९४८ ची, बसायला १९८४ ची. रायडरांनी ती डोक्यावर घेतली. मोटरसायकलींच्या इतिहासात एखादी सुधारणा लपवण्यासाठी इतकी बुद्धी क्वचितच खर्च झाली असेल!

याच सुमारास सरकारही मदतीला धावलं. एप्रिल १९८३ मध्ये रेगन प्रशासनाने ७०० सीसीवरच्या आयात मोटरसायकलींवर पहिल्या वर्षी ४५ टक्के जादा जकात लावली. जपान्यांनी ७५० च्या गाड्यांची इंजिनं ७०० च्या आत बसवून घेतली आणि धंदा चालू ठेवला. १९८७ साली हार्लेने स्वतःच मुदतीआधी ही जकात काढायची विनंती केली. तोवर तिची गाडी रुळावर आली होती.

जपानी कंपन्यांनी एव्हाना क्रूझर बनवायला घेतल्या होत्या. यामाहाची व्हिरॅगो, होंडाची शॅडो, सुझुकीची इंट्रूडर, कावासाकीची व्हल्कन. गाड्या उत्तम होत्या, आणि तिथेच गोची झाली. होंडाच्या इंजिनिअरांनी शॅडोच्या क्रँकला दोन वेगळ्या पिना देऊन कंपन जवळपास घालवलं होतं. गाडी मऊ चाले, टिके, स्वस्त पडे. आणि रायडर म्हणत, “चांगली आहे हो, पण जीव नाही.” अखेर १९९५ च्या ११०० सीसी ‘शॅडो अमेरिकन क्लासिक एडिशन’मध्ये होंडाने मुद्दाम एकच पिन बसवली. थोडी ताकद गेली, कंपन वाढलं, आवाज अमेरिकन झाला. कंपन काढण्यात अर्धं आयुष्य घालवलेल्या इंजिनिअरांना ते परत घालायला सांगणं म्हणजे निष्णात आचाऱ्याला थोडं करपवून आणायला सांगण्यासारखं होतं. पण गिऱ्हाईक तेच मागत होतं.

हार्लेनेही हे ओळखलं होतं. फेब्रुवारी १९९४ मध्ये तिने आपल्या इंजिनाचा आवाजच ट्रेडमार्क म्हणून नोंदवायचा अर्ज केला. नऊ प्रतिस्पर्ध्यांनी हरकत घेतली. सहा वर्षं कज्जा चालला आणि जून २००० मध्ये कंपनीने अर्ज मागे घेतला. गिऱ्हाइकाच्या कानातल्या आवाजाला सरकारी शिक्क्याची गरज नाही, असा विचार करूनच बहुधा.

मग २००१ च्या जुलैत याच कंपनीने व्ही-रॉड आणली.

आवाज जपायला सहा वर्षं वकिलांना पैसे मोजणाऱ्या कंपनीने ४५ चा कोन सोडून ६० चा धरला, हे आजही चक्रावून टाकतं. इंजिन ११३० सीसी, पाण्याने थंड होणारं, प्रत्येक सिलिंडरवर दोन कॅमशाफ्ट, आणि ते घडवायला मदत जर्मनीच्या पोर्शची. त्याचं मूळ हार्लेच्या व्हीआर १००० या शर्यतीच्या गाडीत होतं. ताकद ११५ अश्वशक्ती. रोजच्या वापरातल्या कुठल्याही हार्लेने तोवर असा आकडा पाहिला नव्हता. टाकीच्या जागी दिसणारा फुगवटा हवेच्या फिल्टरचं झाकण होता, पेट्रोल सीटखाली. काळ्या रंगाऐवजी अॅल्युमिनियमची चमक. समोर रेडिएटर, झाकायचा कितीही प्रयत्न केला तरी दिसणारा.

मतं दोन टोकांना गेली. चाचणी घेणाऱ्या मासिकांनी इंजिनाचं तोंड भरून कौतुक केलं. पहिल्या वर्षी काही शोरूममध्ये छापील किमतीवर वर पैसे देऊन गाड्या गेल्या. जुने मालक मात्र फेरी मारून परत गेले. कुणाला रेडिएटर खुपला, कुणाला शिट्टीसारखा चढणारा आवाज, कुणाला पोर्शचं नाव. ज्यांनी खरोखर चालवली त्यांच्या तक्रारी वेगळ्या होत्या, आणि या वादात सगळ्यात कमी ऐकल्या गेल्या त्या याच. पाय आणि हात दोन्ही पुढे ताणलेले, त्यामुळे अंग घडी घातल्यासारखं होई. बांधा इतका लांब, की अरुंद वळणावर गाडी कष्टाने वळे. टाकीत जेमतेम १४ लिटर पेट्रोल मावे. लांबच्या प्रवासासाठी म्हणवणाऱ्या गाडीला हे शोभणारं नव्हतं. टाकीबद्दलची तक्रार कंपनीने मान्य केली आणि २००७ च्या मॉडेलात ती सुमारे १९ लिटरची झाली. रेडिएटर काही झालं तरी जाणार नव्हता. व्ही-रॉडला अमेरिकेबाहेर चाहते मिळाले, विशेषतः युरोपात. घरात ती सावत्रच राहिली. २०१७ साली तिचं उत्पादन थांबलं, आणि आज वापरलेल्या गाड्यांच्या बाजारात तिच्या भल्याबुऱ्या आठवणी काढणाऱ्यांत तेव्हाचे टीकाकारही सापडतात.

व्ही-रॉडला हार्लेवाल्यांनी नाकारलं ते केवळ हट्टाने, असं म्हणणं अर्धवट ठरेल. क्रूझर घेणारा माणूस वेग विकत घेत नाही. वेगच हवा असता तर त्याच पैशात त्याला अधिक वेगवान गाड्या मिळत होत्या. ब्रिटिश ट्रायम्फला हाच धडा २००४ मध्ये मिळाला. तिची रॉकेट थ्री म्हणजे २२९४ सीसीचं, उभं बसवलेलं तीन सिलिंडरी धूड. जगातली सर्वांत मोठ्या इंजिनाची कारखानी मोटरसायकल म्हणून तिचा गाजावाजा झाला. चालवणारे तिच्या ओढीवर फिदा झाले, पण क्रूझरवाल्यांना ती क्रूझर वाटेना. पुढे ट्रायम्फने पेट्या लावलेली, सौम्य केलेली आवृत्तीही काढली.

२०१६ मध्ये हार्लेने मोठ्या गाड्यांसाठी ‘मिल्वॉकी-एट’ इंजिन आणलं तेव्हा व्ही-रॉडचा धडा गिरवलेला दिसत होता. कोन पुन्हा ४५, पिन एक. आत एक बॅलन्सर घालून मूळ कंपनाचा पंचाहत्तर टक्के भाग काढला आणि उरलेला जाणूनबुजून ठेवला. पुढच्या वर्षी थरथरणाऱ्या ‘डायना’ मालिकेच्या गाड्या बंद करून त्यांची नावं सॉफ्टेलमध्ये घातली, तर डायनावाल्यांनी हंबरडा फोडला. नवी गाडी हलकी होती, चौकट कणखर होती, वळणावर सरस होती. त्यांचं म्हणणं एवढंच, की ती थरथरत नाही.

भारतात ही मिल्वॉकीची गाडी आधी लष्करी रूपात आली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी बनलेल्या ७५० सीसीच्या डब्ल्यूएलए हार्ले इथे मागे राहिल्या आणि दिल्लीत त्यांच्या फटफटी रिक्षा झाल्या. चांदणी चौकाकडे सवाऱ्या ओढणारी ही यंत्रं १९९० च्या दशकाच्या अखेरीस प्रदूषणाच्या कारणावरून बंद झाली. हार्ले म्हणजे स्वातंत्र्य वगैरे जाहिरातींचा त्यांच्या चालकांना गंधही नसणार. त्यांना ओझं ओढणारं इंजिन हवं होतं, आणि ते त्याने अर्धशतक ओढलं.

शोरूममधली हार्ले यायला आंबा कामी आला. अमेरिकेत भारतीय आंब्याला १९८९ पासून दार बंद होतं, आणि प्रदूषणाचे निकष आणि जकात यांमुळे हार्लेला भारताचं. एप्रिल २००७ मध्ये सौदा जमला. नाशिक जिल्ह्यातल्या लासलगावच्या ‘कृषक’ केंद्रात गॅमा किरणांचा मारा केलेला हापूस आणि केसर अमेरिकेला रवाना झाला, आणि भारताने ८०० सीसीवरच्या गाड्यांसाठी युरो-३ निकष मान्य केले. म्हणजे रत्नागिरी-देवगडच्या बागाईतदाराचा आणि मिल्वॉकीच्या कारखानदाराचा हिशेब एकाच टेबलावर मिटला. जकात मात्र भरमसाट राहिली. विक्री सुरू व्हायला २०१० उजाडलं, आणि सर्वांत स्वस्त हार्ले सात लाखांच्या घरात होती. शोरूमची नावं तरी स्थानिक होती. मुंबईत ‘सेव्हन आयलंड्स’, पुण्यात ‘टू रिव्हर्स’.

क्रूझरची चव मात्र आपल्याकडे त्याआधीच लागली होती, तीही पुण्यातून. २००१ मध्ये बजाजने कावासाकीच्या १७५ सीसी इंजिनाची एलिमिनेटर आणली. बुटकी सीट, लांब हँडल, दिसायला रुबाबदार, पण “अॅव्हरेज किती?” या प्रश्नाच्या देशात महाग. २००५ मध्ये तेच रूप ठेवून आत पल्सरचं इंजिन बसवलं, किंमत उतरवली आणि नाव ठेवलं अॅव्हेंजर. ती वर्षानुवर्षं खपली. आतलं काळीज बदललं याची कुणी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही. बुलेटवाल्यांच्या बाबतीत नेमकं उलटं घडलं. २००८-०९ च्या सुमारास रॉयल एन्फिल्डने इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र केलेलं नवं यंत्र आणलं. तेलगळती थांबली, गाडी एका बटणात सुरू होऊ लागली, गिअर उजव्या पायाकडून डाव्याकडे गेला, आणि कोल्हापूरपासून नागपूरपर्यंत गॅरेजांत एकच सूर निघाला: तो ठोका गेला. जुन्या कास्ट आयर्न बुलेटच्या किमती तेव्हापासून चढत्याच आहेत.

हार्लेच्या भारतीय मालकांची कुरकूर अमेरिकेपेक्षा जमिनीवरची होती. सिग्नलला गाडी थांबली की मागच्या सिलिंडरची धग उजव्या मांडीला लागे. मे महिन्यात पुण्याच्या वाहतुकीत हा काही थोडाथोडका त्रास नाही. स्पीडब्रेकरवर पोट घासे. या चर्चा २०१३ पासून गोव्यात वागातोरला भरू लागलेल्या इंडिया बाइक वीकमध्येही रंगत, बिअरच्या साक्षीने. मग २०१४ मध्ये हरियाणातल्या बावलला तयार होणारी स्ट्रीट ७५० आली, दिल्लीत शोरूम किंमत ४ लाख १० हजार. पाण्याने थंड होणारं, ६० अंशांचं इंजिन. एका अर्थी व्ही-रॉडचंच धाकटं भावंड. शहरात ती चपळ चाले आणि मोठ्या भावंडांइतकी तापत नसे. पण उघड्या पडलेल्या वायरी, वेल्डिंगचे ओबडधोबड सांधे आणि कमजोर पुढचा ब्रेक यांवर बोट ठेवायला कुणी कमी केलं नाही. ब्रेक कंपनीने पुढे सुधारले. उरलेला आक्षेप ओळखीचाच: आवाज हार्लेचा नाही. त्यात वायरींची तक्रार रास्तच होती. चार लाख मोजणाऱ्याने ती करायलाच हवी.

सप्टेंबर २०२० मध्ये हार्लेने भारतातला कारखाना बंद करत असल्याचं जाहीर केलं. दहा वर्षांत सगळ्या मिळून जेमतेम पंचवीस-सत्तावीस हजार गाड्या विकल्या गेल्या होत्या. महिन्याभरात हीरो मोटोकॉर्पशी करार झाला आणि जुलै २०२३ मध्ये हीरोने बनवलेली एक्स ४४० आली, किंमत २ लाख २९ हजारांपासून. ती मोठी नाही, क्रूझरही नाही, आणि सिलिंडर एकच. “एका सिलिंडरची कसली आलीय हार्ले?” हा सवाल पहिल्याच दिवशी विचारला गेला. १९०३ साली मिल्वॉकीत बनलेली पहिली हार्लेही एकाच सिलिंडरची होती, हे विचारणाऱ्यांच्या गावीही नव्हतं. नोंदणीची पहिली फेरी महिन्याभराने बंद झाली तेव्हा गाडी मागणाऱ्यांची संख्या होती २५,५९७.